पाककृतींची वर्गणी घ्यायची, पण कुठे? खाद्यलेखनात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

‘सबस्टॅक घेऊ की पेट्रिऑन?’ पाककृती लिहिणारा कुणीही हल्ली सुरुवात या प्रश्नाने करतो. ही दोन्ही वाचकांकडून वर्गणी घेण्याची ऑनलाइन ठिकाणं. खरं तर हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. त्याआधी विचारायचं ते असं: तुमचा वाचक पैसे कुठून देणार आहे? डोंबिवलीहून गूगल पेने, की न्यू जर्सीहून क्रेडिट कार्डाने? आणि ते पैसे तुमच्या कोणत्या देशातल्या बँक खात्यात पडणार आहेत? या दोन उत्तरांवर निम्मी ठिकाणं आपोआप बाद होतात. उरलेल्यांत निवड करणं मग फारसं अवघड राहत नाही. दिसायला छान आहे, अमक्या प्रसिद्ध लेखिकेने घेतलंय, म्हणून ठिकाण निवडणारे बरेच जण दोन-तीन महिन्यांनी ‘पैसे मिळण्याची सोय तुमच्या देशात उपलब्ध नाही’ या ओळीपाशी येऊन अडकतात. तोवर बरेच लेख तिथे चढवून झालेले असतात.

पायरी १ : वाचक कुठे राहतो ते शोधा

यूट्यूब चॅनेल असेल तर त्याच्या आकडेवारीत प्रेक्षक कोणत्या देशातले ते दिसतं. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये तर शहरंही दिसतात. यातलं काहीच नसेल तर लोक विचारतात ते प्रश्न वाचा. नाशिकची वाचक विचारते, ‘कुकरच्या किती शिट्ट्या?’ डॅलसची विचारते, ‘इथे ओला नारळ मिळत नाही, फ्रोझन चालेल का?’ असे पन्नास प्रश्न वाचलेत की अंदाज येतो.

आता कागदावर तीन गोष्टी लिहा. भारतातले वाचक अंदाजे किती, परदेशातले किती, आणि तुम्ही स्वतः कुठे राहता. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. पुण्यात राहून लिहिणारी आणि लंडनमध्ये राहून लिहिणारी, दोघींचा विषय एकच असला, दोघींचे वाचकही तेच असले, तरी दोघींना वेगवेगळी ठिकाणं घ्यावी लागतील.

पायरी २ : पैसे देण्याजोगं काय आहे

कांदेपोह्यांच्या कृतीला कुणी पैसे देत नाही. ती यूट्यूबवर शेकड्याने पडली आहे आणि घरात आईकडे आहेच. वाचक पैसे देतो ते खात्रीसाठी, किंवा इतरत्र न मिळणाऱ्या गोष्टीसाठी.

चकलीच्या भाजणीचं उदाहरण घ्या. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, वर धणे-जिरे. हे प्रमाण थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडतं. ते फुकटच द्या. पण चकली तेलात टाकली की विरघळते ती मोहन जास्त झाल्यामुळे, आणि दगडासारखी कडक होते ती मोहन कमी पडल्यामुळे, हे बिघडण्याच्या क्षणी कुणीतरी सांगायला हवं असतं. मिक्सरवर दळलेल्या भाजणीला पाणी किती जास्त लागतं, गिरणीत गव्हावर दळून आणली तर काय होतं, दहा जणांच्या घराला फराळ करायचा तर कोणत्या दिवशी काय करून ठेवायचं, ही झाली वर्गणीची सामग्री. खानदेशातली कळण्याची भाकरी, तिरफळ घातलेलं मालवणी बांगड्याचं तिखलं, सीकेपी घरातलं वालाचं बिरडं, गोव्यातल्या सारस्वतांचं श्रावणातलं कांदा-लसूण नसलेलं जेवण. असा एखादा कोपरा पक्का धरलात तर आणखीच बरं. ‘सगळ्या प्रकारच्या रेसिपी’ असं पाटीवर लिहिलेल्या ठिकाणी लोक येतात, बघतात आणि फुकट घेऊन जातात.

एक पथ्य पाळा. साहित्याची यादी फुकट आणि कृती पैशांच्या आड, असा अर्धवट पदार्थ कधी देऊ नका. जे फुकट आहे ते पूर्ण असू द्या. अर्धी कृती वाचून चिडलेला वाचक वर्गणीदार होत नाही.

पायरी ३ : पैशाची वाट तपासा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. भारतात दर महिन्याला आपोआप पैसे कापून घेण्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते कडकपणे लागू झाले. पहिल्या वेळी ग्राहकाने ओटीपी किंवा पिन देऊन संमती द्यायची, नंतरच्या प्रत्येक कपातीआधी किमान २४ तास त्याला सूचना जायची, आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच पुन्हा ओटीपी न विचारता पैसे कापायचे. ही मर्यादा आधी ₹५,००० होती, जून २०२२ मध्ये ती ₹१५,००० झाली. आपल्या ₹९९च्या वर्गणीला मर्यादेचा त्रास नाही. त्रास होतो तो परदेशी कंपन्यांकडे गेलेल्या कार्डांचा. या नियमांत बसणारी यंत्रणा मधल्या साखळीत कुठे नसेल तर पहिले पैसे जातात आणि पुढच्या महिन्यात व्यवहार नाकारला जातो. वाचकाला वाटतं तुम्ही बंद केलं, तुम्हाला वाटतं वाचक सोडून गेला.

यावर देशी उत्तर म्हणजे यूपीआय ऑटोपे. राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, ते जुलै २०२० मध्ये आणलं. वाचक एकदा यूपीआय पिन टाकून मंजुरी देतो, मग दर महिन्याला आपोआप पैसे येतात, आणि नको झालं तर फोनपे किंवा गूगल पेमध्ये जाऊन तो स्वतः बंद करू शकतो. ही शेवटची सोय लपवू नका. कधीही बंद करता येतं हे दिसलं की माणूस सुरू करायला कचरत नाही.

आता तुमच्याकडे पैसे येण्याची बाजू. सबस्टॅक आणि त्याच्यासारखंच घोस्ट ही दोन्ही ठिकाणं वर्गणीचे पैसे स्ट्राइप या कंपनीमार्फत घेतात. आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर देणं सुरू केलं. म्हणजे भारतात राहणाऱ्या नव्या लेखकाला सबस्टॅकवर फुकट ईमेल-पत्र काढता येतं, पैसे घेणं मात्र जवळजवळ अशक्य. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेचं म्हणाल, तर तिने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार थांबवले. परदेशातून येणारे पैसे तेवढे तिच्यावर घेता येतात. हे माहीत नसल्यामुळे किती जण ‘पेपाल जोडा’ या बटणावर विश्वास ठेवून बसतात!

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी लेखकांना यातली कोणतीच अडचण नाही. त्यांना स्ट्राइप सहज मिळतं. त्यांनी पुढचा भाग वाचताना सबस्टॅक आणि घोस्टकडे आधी बघावं.

पायरी ४ : एकेक ठिकाण

*सबस्टॅक.* २०१७ मध्ये सुरू झालेलं, ईमेल-पत्रावर उभं असलेलं ठिकाण. लिहिणं सोपं, देवनागरी व्यवस्थित चालते, लेख सरळ वाचकाच्या ईमेलमध्ये जातो. फुकट पत्राला खर्च शून्य. पैसे घेतलेत तर १० टक्के त्यांचे, शिवाय स्ट्राइपचा आकार. वाचकांची ईमेल यादी कधीही उतरवून घेता येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पाककृतींसाठी उणीव अशी की जुने लेख तारखेच्या ढिगाऱ्याखाली जातात. वाचक चैत्रात पन्हं शोधायला येतो आणि त्याला मागचे चाळीस लेख उपसावे लागतात. म्हणून ‘अनुक्रमणिका’ नावाचा एक लेख करून तो वर चिकटवून ठेवा आणि दर नव्या कृतीबरोबर त्यात दुवा घाला.

*घोस्ट.* २०१३ पासूनचं, मुक्त-स्रोत (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वापरता येतो), ना-नफा संस्थेने चालवलेलं. वर्गणीत वाटा घेत नाही. तुम्ही दरमहा ठरावीक भाडं भरता किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालवता. पैसे देणारे वर्गणीदार पुरेसे वाढले की ते सबस्टॅकपेक्षा स्वस्त पडू लागतं. पण तांत्रिक खटपटीची तयारी हवी, आणि भारतातल्यांना स्ट्राइपची अडचण इथेही तीच.

*पेट्रिऑन.* २०१३ पासूनचं. ४ ऑगस्ट २०२५ नंतर सुरू करणाऱ्यांना १० टक्के आकार, वर पैसे हाताळण्याचा खर्च वेगळा. भारतात राहणाऱ्याला इथले पैसे पेपाल किंवा पेओनीर या तशाच सेवेमार्फत मिळवता येतात, म्हणून परदेशी वाचक जास्त असतील तर माझी पसंती यालाच. वेगवेगळ्या रकमेचे स्तर करता येतात: एका स्तरात फक्त कृती, वरच्या स्तरात महिन्यातून एकदा झूमवर प्रत्यक्ष शिकवणं. मात्र स्तर दोनच ठेवा. पाच स्तर ठेवले की कुणाला काय कबूल केलंय ते आपल्यालाच आठवत नाही. वाचकांना एक सूचना आवर्जून द्या: वर्गणी आयफोनच्या अ‍ॅपमधून न घेता ब्राउझरमधून घ्या. अ‍ॅपमधून घेतली तर अ‍ॅपल ३० टक्क्यांपर्यंत वाटा घेतं, आणि तो तुमच्या नाहीतर वाचकाच्या खिशातून जातो.

*यूट्यूब सदस्यत्व.* ‘जॉइन’ बटण. त्यासाठी किमान ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत ३ व्हिडिओ, आणि वर्षभरात ३,००० तास पाहिलं गेलेलं असणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला ३० लाख व्ह्यूज लागतात. वाचकाला पैसे देणं सोपं आणि विश्वास यूट्यूबवर असल्यामुळे लोक बिचकत नाहीत. भारतातल्या चॅनेलांवर ₹५९, ₹८९, ₹१५९ असे भाव नेहमी दिसतात. पण ३० टक्के यूट्यूब ठेवतं, आणि सदस्यांचा ईमेल पत्ता तुम्हाला कधीच मिळत नाही. शिवाय तिथे लिहायला जागा नाही. लेखन हाच तुमचा जीव असेल तर हे दुय्यम ठिकाण समजा.

*इन्स्टाग्राम.* सुंदर फोटो, भरपूर लाइक, वर्गणी मात्र यथातथाच. माणसं जमवायला वापरा. दुकान तिथे मांडू नका.

*व्हॉट्सअ‍ॅप गट आणि यूपीआय.* यावर हसू नका. महाराष्ट्रात प्रत्यक्ष चालतं ते हेच. सांगलीकडच्या माझ्या ओळखीच्या एक काकू लोणची-मसाल्यांच्या कृतींचा असा गट चालवतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या वही घेऊन बसतात. एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला आलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट. ज्यांचं आलं नाही त्यांना निरोप: ‘ताई, या महिन्याचं राहिलंय हं.’ काही जणी दोन महिन्यांचं एकदम पाठवतात, काहींच्या नवऱ्याच्या नंबरवरून येतं आणि नाव जुळत नाही. पन्नास जणींपर्यंत हे जमतं. दीडशेच्या पुढे वसुली हेच काम होऊन बसतं आणि स्वयंपाक राहतो बाजूला. सुरुवात इथून करायला हरकत नाही; वर्गणी महिन्याची न घेता वार्षिक घ्या, म्हणजे ही वही वर्षातून एकदाच उघडावी लागेल. गटात फक्त तुम्हालाच लिहिता येईल असं ठेवा आणि प्रश्नोत्तरांना आठवड्याचा एक दिवस द्या. नाहीतर सकाळी सहाला सुविचार सुरू होतात.

*स्वतःचं संकेतस्थळ आणि देशी पेमेंट गेटवे.* भारतात राहणाऱ्या, मुख्यतः भारतातल्या वाचकांसाठी लिहिणाऱ्यांना माझा सल्ला शेवटी इथेच येऊन थांबतो. वर्डप्रेस या संकेतस्थळ बांधायच्या सॉफ्टवेअरवर साधं संकेतस्थळ, त्यावर पाककृतीचा प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) आणि सदस्यत्वाचा प्लगइन, पैशांसाठी रेझरपे किंवा कॅशफ्रीसारखा गेटवे, म्हणजे वाचकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणारी सेवा. पाककृतीच्या प्लगइनमुळे दोन गोष्टी मिळतात ज्या वरच्या ठिकाणी सहजी मिळत नाहीत: चार जणांचं प्रमाण एका बटणावर दहा जणांचं होतं, आणि कृती एका पानावर छापता येते. गूगलच्या शोधातही फोटो आणि वेळेसकट कृती दिसू शकते. गेटवेकडे खातं उघडायला पॅन, बँक खातं, आणि संकेतस्थळावर अटी, परतावा, गोपनीयता, संपर्क ही पानं लागतात. ही पानं नसली की अर्ज परत येतो, त्यामुळे आधीच लिहून ठेवा. संकेतस्थळ नकोच असेल तर रेझरपेचं नुसतं ‘पेमेंट पेज’ करूनही वर्षाची वर्गणी घेता येते आणि लेख ईमेलने पाठवता येतात.

पायरी ५ : हातात किती पडणार

टक्के ऐकून काही कळत नाही, रुपये मांडून बघा. दर सगळीकडे बदलत असतात, तेव्हा खातं उघडण्याच्या दिवशी ताजा दर पाहून हेच गणित पुन्हा करा.

देशी गेटवेचा सर्वसाधारण आकार २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २.३६ टक्के. ₹९९९च्या वार्षिक वर्गणीतून साधारण ₹२४ जातात, ₹९७५ उरतात. आपोआप वसुलीच्या सोयीला काही ठिकाणी वर थोडा आकार पडतो. संकेतस्थळाची जागा (होस्टिंग) आणि नाव (डोमेन) यांचा वर्षाचा खर्च यातून वेगळा काढा.

पेट्रिऑनवर महिना ५ डॉलरची वर्गणी घेतली तर १० टक्क्यांचे ५० सेंट जातात. पैसे हाताळण्याचे २.९ टक्के अधिक ३० सेंट, म्हणजे आणखी साडेचव्वेचाळीस सेंट. पाचातले सुमारे ४.०५ डॉलर उरतात. जवळजवळ १९ टक्के गेले. तीच वर्गणी वर्षाला ५० डॉलर अशी घेतली तर ५ डॉलर आणि १.७५ डॉलर मिळून ६.७५ जातात, म्हणजे साडेतेरा टक्के. फरक कशाने पडला? ३० सेंट दर व्यवहाराला लागतात. बारा वेळा द्यायचे की एकदा, हे तुम्ही ठरवता. यावर डॉलरचे रुपये करताना होणारी कपात वेगळी.

यूट्यूबवर ₹८९च्या सदस्यत्वातले ७० टक्के म्हणजे ₹६२च्या आसपास, तेही आधी कर वजा जाऊन. शिवाय अ‍ॅडसेन्समध्ये (यूट्यूबची कमाई जमा होते ते खातं) १०० डॉलर जमेपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत, हे पहिल्या दोन-चार महिन्यांत चांगलंच जाणवतं.

किती जण पैसे देतील? शंभर फुकट वाचकांमागे पाच धरा, आणि तोही आशेचा आकडा समजा. घरखर्च त्यावर लगेच टाकू नका.

पायरी ६ : यादी तुमच्या हातात हवी

उद्या ते ठिकाण बंद पडलं, भाडं दुप्पट झालं, किंवा तुमचं खातं चुकून गोठलं, तर वाचकांपर्यंत तुम्ही पोहोचणार कसे? सबस्टॅक, घोस्ट आणि पेट्रिऑनवर ईमेल पत्ते उतरवून घेता येतात. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर येत नाहीत. म्हणून ठिकाण कोणतंही घ्या, सोबत एक फुकट ईमेल-पत्र ठेवाच. सबस्टॅकची फुकट बाजू भारतातूनही या कामाला उत्तम आहे: पत्र तिथे, पैसे आपल्या गेटवेवर. दर महिन्याच्या एक तारखेला यादी उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. पत्ते घेताना ते कशासाठी घेताय ते एका ओळीत लिहा आणि संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे. ती यादी मसाल्याच्या कंपनीला देऊ नका. विचारणारे येतात.

पायरी ७ : ओट्यापाशी उभं राहून तपासा

कोणतंही ठिकाण पक्कं करण्याआधी तिथे एक खरी कृती चढवा आणि ती घरातल्या किंवा शेजारच्या साठीच्या एखाद्या मावशींच्या फोनवर उघडायला सांगा. तुम्ही काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

पीठ लागलेल्या बोटांनी त्या फोन उघडतात. तेवढ्यात पान म्हणतं, ‘पुन्हा लॉगइन करा, तुमच्या ईमेलवर दुवा पाठवला आहे.’ ईमेलचा पासवर्ड मुलाला माहीत, मुलगा हिंजवडीत. कढईत फोडणी करपते. हा प्रसंग तुमच्या वर्गणीदारावर महिन्यातून दोनदा आला की तिसऱ्या महिन्यात ती वर्गणी बंद करते, आणि कारण विचारलं तर ‘वेळ मिळत नाही’ असं सांगते. म्हणून लॉगइन किती दिवस टिकतं हे बघा, आणि जिथे फोन नंबर व ओटीपीने आत जाता येतं त्याला झुकतं माप द्या.

देवनागरीचीही परीक्षा घ्या. ‘श्रीखंड’, ‘कढीपत्ता’, ‘उकडीचे मोदक’ हे शब्द लेखात, ईमेलमध्ये आणि पीडीएफमध्ये नीट दिसतात का? पीडीएफमध्ये जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते, हे फार वेळा होतं. मग ठिकाणाच्या शोधखान्यात ‘चकली’ टाकून बघा आणि रोमन लिपीतही टाकून बघा. निम्मे वाचक रोमनमध्येच शोधतात, तेव्हा प्रत्येक कृतीच्या शेवटी पदार्थाचं रोमन नाव घालून ठेवलेलं बरं. लेखाचा दुवाही रोमनमध्ये ठेवा. देवनागरी दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना तो फसवणुकीचा वाटतो.

पीडीएफ दिलात तर तो घराघरांतल्या गटांत फिरणार. त्यावर रागावून उपयोग नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी तुमचं नाव आणि वर्गणीचा दुवा छापा, म्हणजे फिरतो तोवर जाहिरात तरी करतो. कायद्याचं म्हणाल तर साहित्याच्या नुसत्या यादीवर कुणाची मालकी सांगणं कठीण. तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिलेली कृती, टिपा आणि फोटो यांवर मात्र तुमचा हक्क आहे. दुसऱ्यांच्या बाबतीतही तोच नियम पाळा.

पायरी ८ : कर आणि कागद

वर्गणीचं उत्पन्न आयकर विवरणात दाखवायचं, मग ते कितीही थोडं असो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल ₹२० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशातून आलेले पैसेही या २० लाखांत मोजले जातात. बहुतेक नवोदितांना तो दिवस लांब आहे. परदेशी ठिकाणं अमेरिकेचा डब्ल्यू-८बीईएन हा, आपण तिथले करदाते नाही असं सांगणारा, फॉर्म मागतात. तो घाबरून टाळू नका. यूट्यूबवर तो भरला नाही तर जास्त कर कापला जातो. भरला तर भारत-अमेरिका करारामुळे अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्क्यांनी कपात होते. परदेशातून पैसे आले की बँक ते कशाचे म्हणून विचारते, तेव्हा पावत्या जपून ठेवा. वर्षातून एकदा सीएकडे अर्धा तास बसा, तेवढं पुरे.

वर्गणीदारांना भेट म्हणून घरचा गोडा मसाला पाठवण्याची कल्पना सगळ्यांनाच सुचते. छान आहे, पण त्या क्षणी तुम्ही खाद्यपदार्थांच्या व्यवसायात शिरता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी लागते. कृती विकायला ती लागत नाही.

पायरी ९ : भाव ठरवा आणि दार उघडा

महिन्याचा भाव ठेवायचा असेल तर ठेवा, पण वार्षिक भाव इतका ठेवा की तो घेणंच शहाणपणाचं वाटेल: महिना ₹९९, वर्ष ₹७९९, असा काहीसा. भारतातल्या आणि परदेशातल्या वाचकाला एकच भाव लावू नका. तिकडच्यांना ४० डॉलर जड नाहीत, इकडे ₹३,५०० म्हणजे कुणी फिरकणार नाही. याचा अर्थ पुढेमागे दोन खिडक्या ठेवाव्या लागतील, इथल्यांसाठी देशी गेटवे आणि तिकडच्यांसाठी पेट्रिऑन. पहिल्या वर्षी मात्र ज्यांची संख्या जास्त त्यांचीच खिडकी उघडा. दोन्हीकडे एकाच वेळी लेख चढवणं कंटाळवाणं असतं, आणि एका बाजूला हमखास उशीर होतो.

पैसे मागण्याआधी निदान पंधरा पूर्ण कृती तयार असू द्यात. वाचकाने पैसे भरून आत पाऊल टाकलं आणि आत तीनच कृती दिसल्या तर तो परतावा मागेल, आणि मागावाच. मुहूर्त सणांचा धरा. गणपतीच्या तीन आठवडे आधी मोदक आणि नैवेद्याची पानं, किंवा दिवाळीच्या महिनाभर आधी फराळाचं वेळापत्रक. लोक त्या दिवसांत शोधत असतात. मे महिन्यात सुरू करायचं तर लोणची, पापड आणि साठवणीचे पदार्थ घ्या.

दर आठवड्याला एक, असं वचन देऊन तिसऱ्या आठवड्यात हाश्शहुश्श करण्यापेक्षा महिन्याला दोन कबूल करा आणि जमलं तर तिसरी द्या. मापं पहिल्याच लेखात सांगून टाका: तुमची वाटी किती मिलिलिटरची, चमचा कोणता. परदेशातल्यांसाठी ग्रॅम लिहा.

स्वतःच्या दुसऱ्या नंबरवरून एकदा पैसे भरून वर्गणी घ्या, लेख उघडा, मग वर्गणी बंद करून बघा. बंद करायला चार पानं उलटावी लागत असतील तर ती रचना बदला. पहिल्या महिन्यानंतर, जेव्हा पहिली आपोआप वसुली होते, त्या दोन दिवसांत गेटवेचा व्यवहारांचा फलक (डॅशबोर्ड) उघडून बसा. ज्यांचे पैसे अडकले त्यांना लगेच बाहेर काढू नका, सात दिवसांची मुदत ठेवा आणि एक साधा निरोप पाठवा. बहुतेकांचं कार्ड बदललेलं असतं, किंवा पगार व्हायचा असतो.